चार सारखे तुकडे

मित्रांनो, मी गोळ्या कापायची एक जुनी डबी आहे. निळं प्लास्टिक आणि झाकणात एक पातं, एवढाच माझा संसार. कारखान्यात माझ्या झाकणावर 'अचूक' हा शब्द उमटवला गेला. ज्याने उमटवला, त्याने मला एकदाही वापरून पाहिलं नव्हतं.

माझी नेमणूक एका मुलीसाठी झाली. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात. शरीराला रोज लागणारं एक संप्रेरक या मुलीच्या ग्रंथींना जन्मापासूनच नीट बनवता येत नाही. हा दोष आईबाबा दोघांकडून आला. दोघांनाही आपल्याकडे तो असल्याचा पत्ता नव्हता. म्हणून रोज तीन वेळा पाव-पाव गोळी. गोळी मात्र मोठ्या माणसांच्या मापाची, तेव्हा तिचे चार तुकडे करायचे मी. औषध कमी पडलं तर मुलगी गळून जाते, जास्त झालं तर तिची वाढ खुंटते.

आठ वर्षं मी कापत राहिले. "माझी डबी म्हणजे तराजू," असं आई येईल त्याला सांगायची. खरं तर माझं पातं तिसऱ्याच वर्षी बोथट झालं होतं. मी थकले होते. पण स्वतःचं कौतुक चालू असताना मध्ये कोण बोलतं?

मुलगी दुपारी वर्गात पेंगायची. शिक्षिकेने वहीत लिहिलं, 'हुशार, पण आळशी.' आईनेही तिला तेच ऐकवलं.

मुलीची मावशी इस्पितळात संशोधक आहे. या आजारावर तीस वर्षांत जगभर काय संशोधन झालं, याचा आढावा ती लिहीत होती. एका रविवारी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"बघ ताई, दरवर्षी निघणाऱ्या शोधनिबंधांची रेषा कशी वर चाललीय. आधी नुसती संप्रेरकं मोजायचे. मग जनुकं शोधली. आता जनुकच दुरुस्त करायचं बघतायत."

"छान. तोवर मी कापत बसते." आईने माझं झाकण दाबलं. "हा दांडगा तुकडा सकाळचा, शाळेला जोर हवा. हा बारका दुपारचा."

मावशीची मान वर झाली. "बारका? सगळे सारखे नसतात?"

"तुझ्या कागदांत असतील."

मावशीने ते तुकडे सोबत नेऊन प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवले. दुपारचा तुकडा सकाळच्या तुकड्याच्या निम्मा भरला. तिने ते आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "मी तिला आळशी म्हणाले गं."

आता इस्पितळातला औषधवाला मोजून पुड्या बांधून देतो. मुलगी दुपारी जागी असते, भांडतेसुद्धा. मावशीने आपल्या ढिगात गोळ्या कापण्यावरचे शोधनिबंध शोधले. वर चाललेल्या रेषेच्या पायथ्याशी जेमतेम दोन-चार सापडले.

मी संपलेल्या बॅटऱ्यांशेजारी खणात पडून आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला खुशाल टाकून द्या. फक्त दमलेल्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या वाट्याला किती आलं, ते एकदा तोलून बघा. झाकणावर काय लिहिलंय, ते वाचू नका.