बियाण्यापुरता धूर

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून छबूबाईने मागच्या भिंतीतून बाहेर आलेल्या खापराच्या नळीत हात घातला आणि आतला गोणपाटाचा बोळा खेचून काढला. काजळीने तो कडक झाला होता. पलीकडच्या परसात बनुबाईही तेच करत होती. दोघींची नजरानजर झाली आणि दोघी आपापल्या शिडीवरून खाली उतरल्या.

नगरहून साहेब यायचे होते. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या या गावात, एकतीसच्या एकतीस घरांत, धूर नळीने बाहेर नेणाऱ्या सरकारी चुली बसल्या होत्या, आणि आज गावाला ‘निर्धूर गाव’ अशी पाटी मिळणार होती.

चुली घातल्या त्या ग्रामसेविका विजयाबाईंनी. शहरातल्या मास्तरांच्या घरची मुलगी, पण चिखलात कोपरापर्यंत हात घालून घरोघरी बसली. पहिले काही महिने बायका तिला दुवा देत होत्या. डोळ्यांची आग थांबली, रात्रीचा खोकला गेला. मग माळ्यावरचं बी काढलं, तेव्हा गावाचे डोळे पांढरे झाले. चुलीच्या धुरावर पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप राहिलेल्या काळभाताच्या, गावच्या जुन्या वाणाच्या, बियाला पाखरं लागली होती. अर्धी साळ नुसतं टरफल. गेल्या साली तर पाऊसच फिरकला नाही, पीक पोटरीत वाळलं. छबूबाईच्या माळ्यावर आता तीन पायली बी तेवढं उरलं होतं. पोटाला रेशनवरचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, खायची, पण बियाला हात लावायचा नाही, असं प्रत्येक घराने आपलं आपण ठरवलं. आणि धूर पुन्हा माळ्यावर चढावा म्हणून प्रत्येक घराने आपलं आपण नळीचं तोंड बंद केलं.

बाकीच्यांचं निभावलं. छबूबाईची सून केशर मात्र सहा महिन्यांची गरोदर होती आणि तिला दम लागत होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला धुरापासून लांब ठेवा, नाहीतर दोन्ही जिवांना धोका आहे. छबूबाईने मान हलवली होती. घरी आल्यावर केशर चुलीपुढे बसली, कारण लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासूने चूल तिच्या हाती दिली होती.

साहेब जीपमधून आले. केशरने चहा टाकला. धूर गुमान नळीने निघून गेला. साहेबांनी चष्मा काढून डोळे मिचकावून पाहिले आणि खूश झाले.

“साकर लई न्हाई घातली साहेब, गूळच हाय त्यात जास्ती,” केशर म्हणाली.

एवढं वाक्य तिने मध्ये न थांबता म्हटलं. छबूबाईला चटका बसला. सुनेचा असा सलग आवाज तिने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

साहेब चावडीकडे गेले, विजयाबाई मागे राहिल्या. परसात जाऊन त्या नळीखालची भिंत बघत उभ्या राहिल्या. दिवाळीला चुना दिलेली भिंत अजून पांढरी स्वच्छ होती.

“छबूबाई, रोज धूर बाहेर पडत असता तर ही भिंत काळी झाली असती.”

छबूबाई आत गेली आणि मूठभर जुनी साळ घेऊन आली.

“नळी उगडी हुती तवाचं बी हाय ह्ये.”

विजयाबाईंनी दाणा चिमटीत चुरडला. पीठ झालं.

“कडुनिंबाचा पाला घातला होता का?”

“घातला हुता. राखबी घातली हुती.”

“मी वर लिहिते. बियाण्यासाठी पत्र्याच्या कोठ्या मागवते.”

“लिवा, बाई. पन मिरग दीड म्हैन्यावं आलाय.”

विजयाबाईंनी दारातून आत पाहिलं. केशर कपबशा विसळत होती.

“आणि तिचं काय?” त्यांनी हळू विचारलं.

छबूबाईने उरलेली साळ मुठीत आवळली. विजयाबाई चावडीवर गेल्या, पण बंद नळ्यांबद्दल साहेबांपाशी काही बोलल्या नाहीत. चावडीवर पाटी ठोकल्याचा आवाज वरच्या आळीपर्यंत ऐकू आला.

जीप गेल्यावर छबूबाईने नळीत पुन्हा बोळा बसवला. मग आत येऊन ती चुलीशी उभी राहिली.

“ऊठ तितनं.”

केशर उठली, पण तिला उमजेना.

“आजपास्नं चुलीफुडं मी बसनार. तू वसरीवर बस.”

केशरचा चेहरा उतरला. हाती दिलेली चूल सासू परत घेते, ती सून मनातून उतरली तरच.

“आत्याबाई, माजं काय चुकलं?”

“काय न्हाई चुकलं. तुला सोसंना धूर.”

“मग नळी...”

“बी ऱ्हायलं पायजे. तूबी ऱ्हायली पायजेस,” छबूबाई म्हणाली आणि काटक्या मोडू लागली.

बनुबाई विस्तव मागायला आली तेव्हा घर धुराने भरलं होतं. तिने ओसरीवर मिलो निवडत बसलेल्या केशरकडे पाहिलं, मग चुलीपुढच्या छबूबाईकडे. तिच्या घरीही सून होती, साऱ्या आळीत होत्या, आणि सगळ्या याच धुरात भाकरी थापत होत्या. एकट्या केशरला जपलं असं कळलं असतं, तर पाणवठ्यावर बायकांनी तिला टोचून टोचून पुन्हा चुलीपुढे आणून बसवलं असतं.

“का गं, भांडलात का काय?” बनुबाईने विचारलं.

“व्हय,” छबूबाई जरा मोठ्यानेच म्हणाली. “हिच्या हातची भाकर माज्या घशाखाली उतरंना. मीच न्हाई म्हनलं तिला.”

बनुबाईने विस्तव घेतला आणि ती लगबगीने निघाली. आता ही गोष्ट अंधार पडायच्या आत गावभर होणार होती.

केशरने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले, तरी बोटं मिलोतले खडे वेचत राहिली. आत छबूबाईला जोराचा ठसका लागला. केशर सूप बाजूला ठेवून अर्धी उठली. तिने पोटावर हात ठेवला, उघड्या हवेत एक लांब श्वास घेतला आणि ती पुन्हा खाली बसली.