देवाला दाखवून माघारी आणलेला हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. आता पोटाला दोन पोचे आहेत, पण मित्रांनो, एके काळी माझा तोरा काय सांगू! साताऱ्याच्या तांबटानं मला घडवलं. चंद्राबाईंच्या फौजेतल्या नवऱ्यानं सुट्टीवर येताना त्यांच्यासाठी मला मिरजेपलीकडच्या गावी आणलं. पुढं तो पासष्टच्या लढाईवर गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून चंद्राबाईंनी माझ्यात थेंबभर पाणी घातलं नाही. चिंच लावून घासायच्या नि फळीवर ठेवायच्या.

आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण असतो. जो तो घरातलं काहीतरी देवाला देतो, मग त्याचा लिलाव होतो. चंद्राबाई दरवर्षी मलाच द्यायच्या आणि सगळ्यांच्या वर बोली लावून मलाच घरी आणायच्या! लोक वाहवा करायचे. मलाही भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू?

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या. शेजारची हरणाबाई टँकरचं पाणी गळक्या डब्यातून आणायची. घरी पोचेपर्यंत डबा निम्मा व्हायचा. तिची लेकरं तहानलेली आणि मी फळीवर कोरडा ठणठणीत! मला माझीच लाज वाटली.

त्या वर्षीच्या सणाला चार कणसं आली आणि मी. सयाजी पाळकांनी मला वर धरलं. हरणाबाई दारातून चाचरत म्हणाली, "पाच रुपयं."

सगळे चंद्राबाईंकडं बघू लागले. माझा जीव टांगणीला लागला.

"बोला, चंद्राबाई," पाळक म्हणाले.

चंद्राबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "न्हाई. इतकी वर्सं देवाला नुसता दाखवून माघारी नेत हुते. आज खरंच दिला. ने गं हरणे, पाणी भर."

दुसऱ्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यात पाणी पडलं. अहाहा, काय तो गारवा! हरणाबाईनं पहिला तांब्या चंद्राबाईंनाच दिला. त्या पाणी प्याल्या, माझ्यावरून हात फिरवला. "लय गार हाय गं. ह्यांनी बघाय पायजे हुतं."

मित्रांनो, वस्तू जपा. चिंच लावली की मला आजही बरं वाटतं. पण फळीवर ठेवून जपू नका, ज्याला गरज आहे त्याच्या हाती जाऊ द्या. माझा पहिला पोचा टँकरच्या रांगेत पडला. हरणाबाई रडवेली होऊन मला चंद्राबाईंकडं घेऊन गेली. त्या मला उलटसुलट करून बघत राहिल्या आणि हसल्या.

"आसू दे गं. आता कुटं हंडा वाटतोय."