दाराआडची आत्या

सकाळपासून मास्तरांच्या पायांना भिंगरी लागली होती. मालिकेच्या लेखन विभागाबाहेरच्या बोळात ते येरझाऱ्या घालत होते. चारच्या चित्रीकरणात आत्या जिन्यावरून पडून मरणार होती, आणि तिला ढकलणारा हात त्यांचाच होता.

मास्तरांनी कॉलेजात चाळीस वर्षं कथाशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर मालिकावाल्यांनी सल्लागार म्हणून बोलावलं, तेव्हा ते पोरासारखे हरखले. पाचशे भागांचा भिंतभर तक्ता केला: नायिका कोण, आडवं कोण येतं, मदत कोण करतं. मदत करणाऱ्या पात्रानं नायिकेला हवी ती वस्तू दिली की त्याचं काम संपतं, असं शास्त्र सांगतं. आत्यानं मृत्युपत्र नायिकेच्या हाती केव्हाच दिलं होतं. मास्तरांनी प्रामाणिकपणे तिच्यापुढे लिहिलं, 'कार्य पूर्ण'. पुस्तकात असं लिहिलं की पान उलटतं. इथे मुख्य लेखिकेनं, म्हणजे सगळ्यांच्या ताईंनी, लगेच जिना लिहून काढला.

राहवेना म्हणून ते रंगपटात डोकावले. आत्याचं काम करणाऱ्या बाई केस पांढरे करून घेत होत्या.

"या, शास्त्रवाले! आज मला ढकलताय म्हणे?"

"नाही हो... म्हणजे, तुम्ही आपोआप पडता."

"वा! शास्त्रात माणसं आपोआपच पडतात वाटतं." त्या हसल्या, मग आरशाकडे बघत म्हणाल्या, "अकरा वर्षं घरी बसून होते. आता कुठे लोक ओळखतात. परवा दवाखान्यात एक बाई हात धरून विचारते, आत्या, दाराआडून आणखी काय ऐकलंत?"

मास्तर जागच्या जागी थबकले. मग तक्त्याकडे धावले. बोट फिरवत भागामागून भाग पाहिले, आणि तसेच धापा टाकत ताईंच्या खोलीत शिरले.

"ताई, मी... चुकलो."

"पटकन बोला, मास्तर. जिना उभा राहिलाय."

"कोण काय करतं, एवढंच मी पाहिलं. कोण बघतं, ते राहिलंच. घरातलं प्रत्येक गुपित प्रेक्षकाला आत्याच्या कानांनी कळलंय. ती गेली की प्रेक्षक घराबाहेर पडला."

"मोलकरणीला उभं करू दाराआड," एक लेखक म्हणाला.

"तिला ऐकून काय वाटणार? आत्याचा जीव तुटतो. लोक ते बघायला येतात." एवढ्या मोठ्यानं आपण बोललो, याचीच त्यांना धडकी भरली.

ताईंनी पेन चावलं. "बरं. जिना रद्द. पण तिची बडबड फार लांबते. ती दाराआडच राहील, संवाद नाही."

रंगपटात बाईंना हे सांगताना मास्तरांची मान वर होईना.

"एकही वाक्य नाही?" बाईंनी विचारलं. "म्हणजे जीव ठेवलात आणि जीभ कापलीत!"

"मी पुन्हा विनंती करतो—"

"नको बाबा! आणखी शास्त्र लावलंत तर कानही जातील."

चारला मास्तर कॅमेऱ्यातलं दाखवणाऱ्या पडद्यासमोर ताईंच्या मागे उभे होते. दाराआड आत्या ऐकत होती. आत तिचा भाऊ तिचं नाव घेऊन हसला. तिचे ओठ उघडले, काही म्हणणार असं वाटलं, आणि मिटले. तिनं कपाळ दाराला टेकवलं. संहितेत यातलं काहीच नव्हतं.

"थांबवू का?" कुणीतरी विचारलं.

"चूप!" ताई पुटपुटल्या. "चालू दे."

मास्तरांमागे खुर्ची होती, पण त्यांना बसवेना.