फाटकात अडकलेला रूस

दिनानाथ पोतनिसांची उभी हयात होळकर सरकारच्या नकाशे कचेरीत गेली, आणि त्या हयातीत त्यांना एकाच गोष्टीचा मनापासून तिटकारा आला. पेन्सिल उचलण्याचा.

होळकरांचं राज्य म्हणजे लग्नाच्या गर्दीत टराटरा फाटलेला शेला. एक चिंधी नर्मदेकाठी, एक चंबळेकडे, एक महिदपुराला. मध्ये कुठे शिंदे, कुठे धारवाले, कुठे देवासची थोरली पाती आणि तिच्या पोटात धाकटी. इंदुरातून निघालेला कोंबडा रामपुऱ्याला पोचेस्तोवर इतक्या नाक्यांवर जकात भरी की पोचल्यावर त्याच्या अंगावर पीस राहत नसे, असं जुने लोक शपथेवर सांगत. अशा राज्याची सरहद्द काढायची म्हणजे बोटभर रेघ ओढा, पेन्सिल उचला, दुसरीकडे टेकवा, पुन्हा उचला. संस्थानं गेली, मध्य भारत झाला, तेव्हा दिनानाथांना वाटलं, सुटलो. पण सुनेलचा तुकडा राजस्थानच्या पोटात राहिलाच. म्हणजे पुन्हा पेन्सिल उचला.

अशा माणसाला वेड लागलं ते रूसचं.

"बाल्टिकला पेन्सिल टेकवायची," ते कचेरीत कुणालाही धरून सांगत, "बर्फाच्या समुद्राकाठून निघायचं, पॅसिफिकला वळायचं, चीनच्या डोक्यावरून, कास्पियनला बगल देऊन, काळ्या समुद्राला हात लावून परत घरी. पेन्सिल झिजेल, पण उचलावी लागणार नाही! एका टोकाला माणूस रात्रीचा अंथरूण घालतो, तेव्हा दुसऱ्या टोकाचा दात घासत असतो. सरकार एकच!"

नेपोलियनची फौज त्या बर्फात कशी गारठली हे ते अशा जिव्हाळ्याने सांगत की जणू पोतनिसांचाच कुणी पणजोबा मागच्या तुकडीत होता. "आपलं पानिपतावर जे झालं, तेच त्याचं झालं. घरापासून लांब गेलेल्या फौजेला शत्रू लागत नाही, अंतरच खातं." एका गोष्टीसाठी मात्र त्यांनी झारला कधी क्षमा केली नाही. त्याने अलास्का अमेरिकेला विकून टाकलं. "विकलं!" म्हणताना त्यांचा आवाज फाटे. "पोटचा गोळा विकला मेल्याने!"

लोक त्यांना मागून 'रूसवाले' म्हणत. आणि त्यांच्या पत्नी द्वारकाबाई तोंडावरही म्हणत.

"युनोच्या त्या मोठ्या सभेत रूसने एकट्याने 'नाही' म्हटलं की सगळ्या जगाचा ठराव पडतो," दिनानाथ जेवताना सांगायचे.

"बरंय की. मी रोज 'नाही' म्हणते, तुमचा एक तरी ठराव पडला का?" असं म्हणून त्या आमटी वाढायच्या.

छप्पन साल उजाडलं. नोव्हेंबरात मध्य भारत बुडणार, नवा मध्य प्रदेश होणार आणि कचेऱ्या भोपाळला जाणार, हे ठरलं. भोपाळसाठी माणसं निवडायला एक साहेब ऐन गणपतीत इंदुरात येऊन बसला होता. द्वारकाबाई रोज सकाळी कोट हातात देत. "अहो, जाऊन भेटून या. न भेटलेल्याला कोण नेतंय?" आणि दिनानाथ कोट चढवून निघत ते पोलोग्राउंडला.

कारण पोलोग्राउंडच्या एका मिलच्या आवारात रूस तयार होत होता.

अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलवाल्यांच्या झांक्या निघतात. बैलगाड्यांवर देखावे, विजेचे दिवे, रस्त्याच्या दुतर्फा माळव्यातलं यच्चयावत माणूस. मागल्या हिवाळ्यात रूसचे पाहुणे हिंदुस्थानभर हार घालून घेत फिरले होते, भिलाईला त्यांचा पोलादाचा कारखाना येणार होता. तेव्हा मिलचा मजूर-पुढारी उदयसिंह याच्या डोक्यात आलं की यंदा झांकी रूसची. तो स्वतः दिनानाथांच्या घरी आला.

"पोतनीस साब, द्रौपदीचं वस्त्रहरण बघून बघून पब्लिक बोर झाली. तुम्ही रूस बनवा. एकदम असली."

दिनानाथांनी अट घातली. "प्रमाण मोडायचं नाही. आणि देश एकसंध पाहिजे, एका फळीसारखा. तुकडे चालणार नाहीत."

"गणपतीची आण. तुकडा नाही करणार."

दिनानाथांना ही आण पुरली. आयुष्यात एकदा, निदान एका संध्याकाळी, एक अख्खी गोष्ट साऱ्या गावासमोरून न्यायची होती. मग भोपाळ जाईना का चुलीत.

बंडू सुतार हाताखाली होता. सागाची चौकट, तिच्यावर फळ्या, फळ्यांवर कागदाच्या लुगदीचे डोंगर. उरलचा कणा, व्होल्गेचं निळं पाणी, मॉस्कोवर लाल दिवा, आणि सैबेरियावर मिलमधला सगळा वाया गेलेला कापूस, इतका की म्हणे पोलोग्राउंडच्या चिमण्यांनी त्या साली घरटी गाद्यांसारखी केली. तीन बैलगाड्या एकीमागे एक जोडून त्यांच्यावर तो देश आडवा ठेवला. मिलचा मॅनेजर एकदा येऊन बघून गेला आणि हळूच म्हणाला, "मॉस्को जरा छोटं नाही करता येणार?" दिनानाथांनी त्याच्याकडे झारकडे बघावं तसं बघितलं.

अनंत चतुर्दशीच्या दुपारी ढोल वाजले, नारळ फुटला, बैल जुंपले. झांकी शेडमधून निघाली, आवार ओलांडून फाटकापर्यंत आली आणि थांबली.

मिलच्या फाटकातून बाहेर पडलं की लगेच काटकोनात वळायचं. समोर दुसऱ्या कारखान्याची भिंत. रूस निम्मा बाहेर आला आणि मॉस्को भिंतीला टेकलं. वळायला जागाच नव्हती. दिनानाथांनी लेनिनग्राडपासून व्लादिव्होस्तोकपर्यंत सगळं मोजलं होतं. फाटक मोजलं नव्हतं.

मग सगळेच बोलू लागले.

"फाटक तोडा!" दिनानाथ म्हणाले.

मॅनेजर छातीला हात लावून म्हणाला, "मालकांच्या आजोबांचं नाव कोरलंय त्यावर!"

"मग भिंत पाडा!"

"ती आमची नाही, साब," उदयसिंह म्हणाला. "परराष्ट्र आहे ते."

बंडू सुताराने करवत आणली होती. आणून ती पाठीमागे लपवून उभा होता. दिनानाथांना ती दिसली.

"उदयसिंह, आण घेतली होतीस."

"घेतली होती. पण बघा ना भिया, तुकडे करू, बाहेर काढू, बाहेर रस्त्यावर परत जोडू. बंडू खिळे घेऊन तयार आहे. घडीभराचं काम. पब्लिकला काय समजणार?"

"मला समजेल ना."

"अहो, झारने आख्खं अलास्का विकलं! आपण तर नुसतं कापतोय. तेही परत जोडायच्या बोलीने!"

हा घाव मर्मी बसला. सहा महिने हीच गोष्ट दिनानाथांनी त्याला ऐकवली होती. मागून बैल फुरफुरत होते, लांबून दुसऱ्या मिलचे ढोल जवळ येत होते. कुठे कापायचं यावर तह सुरू झाला. मॅनेजर म्हणे मॉस्कोच्या जरा पुढून घ्या. मजूर म्हणाले, मॉस्कोला करवत लावाल तर उद्या कामावर कोण येतो बघा. कुणी म्हणालं, सैबेरियाचं काय, बर्फच आहे, कुठूनही कापा.

"कुठूनही?" दिनानाथ ओरडले. त्यांनी करवत बंडूच्या हातातून ओढून घेतली. दुसऱ्या कुणी वाकडी चालवलेली बघवली नसती. एक काप त्यांनी उरलच्या कण्यावरून दिला आणि दुसरा लेना नदीच्या काठाने. रेघ सुरेख आली. आयुष्यभर सरहद्दी काढलेला हात तो.

मॉस्कोची गाडी वळली, बाहेर पडली. दिनानाथ तिच्यामागे धावले, रस्त्याच्या कडेला उभी करा म्हणाले. तेवढ्यात वरच्या नाक्यावरून दुसऱ्या मिलची झांकी आली, कालियामर्दनाची, फणा हलवत. पोलिसाने शिट्टी फुंकली. "चलो, चलो, रस्ता खाली करो!" मॉस्कोचे बैल पुढे हाकलले गेले. मॉस्कोमागे कालिया नाग लागला.

"थांबवा! आमचा देश मागे राहिलाय!" दिनानाथांनी पोलिसाचा दंड धरला.

"देश मागे असो की पुढे, लाईनीत चला," पोलीस म्हणाला.

सैबेरिया बाहेर आला, तर त्याच्यामागे लगेच रामरावणाचं युद्ध घुसलं. आणि व्लादिव्होस्तोकची गाडी आली ती एकदम शेवटी, पाण्याच्या टाकीच्या गाडीमागे. दिनानाथ फाटकात उभे राहून बघत होते. मॉस्को, मग नाग, मग सैबेरिया, मग रावण, मग कुणाचा गोवर्धन, मग पाण्याची टाकी, मग पॅसिफिकचा किनारा. हा नकाशा त्यांच्या ओळखीचा होता. हाच त्यांनी कचेरीत वर्षानुवर्षं काढला होता. फक्त तेव्हा मध्ये शिंदे असत.

दिवेलागणीला सैबेरिया राजवाड्यासमोर पोचला. बंडू सुतार त्यावर जोडायच्या आशेने खिळे घेऊन बसला होता, तो तसाच राहिला होता. अंगभर भुसा, डोक्यावर कापूस. गर्दीतली एक म्हातारी ओरडली, "कैलास! जै भोलेनाथ!" आणि हात जोडले. पाठोपाठ सगळ्या चौकाने जोडले. उदयसिंहाला प्रसंग बरोबर कळला. शेजारच्या झांकीतला एक डमरू घेऊन त्याने बंडूच्या हातात कोंबला.

"वाजव!"

"भिया, मी सैबेरिया आहे!"

"आता तू महादेव आहेस. वाजव, नाही तर मार खाशील!"

दुसरं इनाम 'कैलासदर्शन' या झांकीला मिळालं. मॉस्कोसमोर मात्र मंचावरचे मंत्री थोडे थबकले आणि म्हणाले, "यह नये प्रदेश का नक्शा है क्या? अच्छा है, अच्छा है."

दिनानाथ तोपर्यंत घरी आले होते. द्वारकाबाईंनी ताट वाढलं, आणि मग न राहवून म्हणाल्या, "तो साहेब आज दुपारच्या गाडीने गेला. तुमच्या कचेरीतल्या त्या शेजारच्या गजाननरावांना नेलंय भोपाळला."

"गजानन? त्याला तर रेघ सरळ येत नाही."

"त्यांनी भेट घेतली, अहो."

दसऱ्याच्या सुमारास दिनानाथ मिलमध्ये गेले. म्हणाले, मिरवणूक राहू दे, पण आवारात तरी एकदा तिन्ही तुकडे जोडा, मला एकदा बघू दे. पण मॉस्को मॅनेजरने परस्पर फोडून बॉयलरखाली घातलं होतं. व्लादिव्होस्तोक फाटकासमोरच्या चहावाल्याने दुकानावर छप्पर म्हणून नेलं होतं. आणि सैबेरिया मिलच्या आवारात पिंपळाखाली ठेवला होता. बायका त्यावर बेल वाहत होत्या. दिनानाथांनी ओब नदीवर वाहिलेलं कुंकू पुसायला बोट पुढे केलं, तर एक बाई कडाडली, "भिया, चप्पल काढून!"

दिवाळीच्या तोंडावर मध्य भारत गेला. वर्तमानपत्रात नव्या प्रदेशाचा नकाशा आला. केवढा तरी थोरला, आणि सुनेल राजस्थानला देऊन टाकलेलं. दिनानाथांनी पेन्सिल घेतली, ग्वाल्हेरच्या वर टेकवली आणि कडेकडेने फिरवून परत आणली. एकदाही उचलावी लागली नाही. द्वारकाबाई पाठीमागून बघत होत्या.

"चांगला झालाय की," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हवा होता तसाच."

"हो. आता गजानन काढेल."

पाडव्याला उदयसिंह घरी आला, नवा सदरा घालून. "पोतनीस साब, चला. आज कैलासाची पूजा आहे, तुमच्याशिवाय नारळ कसा फोडणार? बनवला तुम्ही!"

दिनानाथ गेले. द्वारकाबाईंनी कोट दिला, तोच तो. पिंपळाखाली गर्दी होती, बंडू सुतार कपाळाला भस्म फासून बसला होता. आता तो रोजच बसे. उदयसिंहाने नारळ फोडला आणि अख्खी कवड दिनानाथांपुढे केली.

"प्रसाद, साब. मोठा तुकडा तुमचा."

"नको," दिनानाथ म्हणाले. "लहान लहान कर, उदयसिंह. मोठा फाटकातून जात नाही."