कापलेल्या जागा

ज्याचा क्लास लातुरात नाही असा विषय नाही. म्हणून हिमायतनगरची ज्योत्स्ना तिथं खोली घेऊन राहिली तेव्हा घरमालकीण तारामतीबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कशाची तयारी करून राहिली माय? डॉक्टरकीची का इंजिनिअरिंगची?" पडद्यावरचं चित्र, आवाज आणि दिवे हे तिन्ही मंचावर एकत्र कसे चालवायचे ते शिकते, असं ज्योत्स्नानं सांगितलं. बाईंनी जरा विचार केला. "मंजे लग्नातला डीजे म्हन की," त्या म्हणाल्या. वाद घालून घरमालकीण सुधारल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही.

शिकवणारे अमरनाथ सर भलतेच शिस्तीचे. चित्र कधी बदलेल, आवाज कधी येईल, दिवा किती चढेल, हे सगळं आधी लॅपटॉपवरच्या एका लांब पट्टीवर मांडून ठेवायचं, हा त्यांचा नेम. "एकदा बटण दाबलं की हात मागं. जिथं हात लावाल तिथं चुकाल." ज्योत्स्नाला हे फार आवडलं. घरी काहीच जागच्या जागी राहिलं नव्हतं. पट्टीवर निदान सगळं जागच्या जागी बसत होतं.

घरचं दुखणं होतं वडिलांचं, आबांचं. ज्ञानोबा गुरुजी शाळेत शिकवायचे आणि रविवारी बुद्धविहारात वंदना घ्यायचे. ते एक ओळ म्हणणार, मग लोक म्हणणार, मग पुढची ओळ, अशी तिथली रीत. आवाज असा, की रस्त्यावरचा ऑटोवाला इंजिन बंद करून ऐकायचा. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर गुरुजी विहाराची पायरी चढले नाहीत. आता वंदना शेषेराव घेतात. माणूस भला, पण म्हणायची घाई अशी, की जणू दारात एसटी उभी आहे. गुरुजी घरात भिंतीकडं बघत बसायचे. "माणूस वाचला म्हनतेत लोक," ज्योत्स्नाची माय गुणाबाई म्हणायची. "वाचला हाव, पन घरी न्हाई आला अजून."

शिक्षण संपताना प्रत्येकानं आपापल्या गावात एक प्रयोग करून दाखवायचा होता. ज्योत्स्नानं बुद्धपौर्णिमेची संध्याकाळ धरली. कुणाच्या तरी गृहप्रवेशात गुरुजींनी घेतलेली वंदना एका जुन्या कॅसेटवर होती. तिनं ती लॅपटॉपवर उतरवली आणि साफ करायला बसली. खरखर काढली, पंख्याची घरघर काढली. प्रत्येक ओळीनंतर लोकांचा गलका होता. कुणी खोकत होतं, एक पोर रडत होतं, एक बाई दरवेळी अर्धा शब्द मागं राहत होती. तिनं तेही सगळं कापलं आणि वडिलांच्या ओळी एकीला एक जोडून टाकल्या. अमरनाथ सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "क्लीन." सरांच्या तोंडून एवढं आलं म्हटल्यावर ज्योत्स्ना हरभऱ्याच्या झाडावरच चढली.

तिची इच्छा एवढीच होती, की आबांनी चार लोकांत बसून आपला आवाज ऐकावा. पण भीतीही तेवढीच होती. आवाज गेलेल्या माणसाला त्याचाच आवाज ऐकवायचा म्हणजे विस्तवाशी खेळ. तिथून उठून गेले तर पुन्हा कधी विहारात येणार नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं आणि मायलाही.

गुरुजी आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि बसले ते थेट फाटकाजवळच्या शेवटच्या खुर्चीत, ज्योत्स्नाच्या टेबलाला लागून. निसटायला सोपं म्हणून. अंगण पांढऱ्या साड्यांनी आणि सदऱ्यांनी भरून गेलं होतं. विहाराची चुना लावलेली भिंत हाच पडदा. प्रोजेक्टर मागं तिच्याच टेबलावर होता. खास लातूरहून आलेले अमरनाथ सर पहिल्या रांगेत बसले होते.

ज्योत्स्नानं बटण दाबलं आणि हात मागं घेतले. दिवे मंदावले. भिंतीवर विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी आलं, त्या पाण्यातून खडू धरलेला गुरुजींचा हात उमटला, आणि पाठोपाठ त्यांचा आवाज आला. त्रिसरणाची पहिली ओळ, 'बुद्धं सरणं गच्छामि', स्वच्छ आणि भरदार.

आणि सगळं अंगण उठून उभं राहिलं.

लातूरच्या तालमीत माणसं खुर्चीत बसून ऐकत होती. वंदना सुरू झाल्यावर आपली माणसं बसून कशी राहतील, हे जन्मभर याच अंगणात वाढलेल्या ज्योत्स्नाच्या डोक्यातच आलं नाही. गंमत म्हणजे तीही उठली होती. पायांतल्या चपला बाजूला गेल्या, हात जुळले, आणि लॅपटॉप राहिला टेबलावर. लोक पहिली ओळ म्हणू लागले तोच स्पीकरमधून दुसरी आली. लोक अडखळले, दुसरीकडं वळले, तर तिसरी आली. तिनं जागाच ठेवली नव्हती. कचरा म्हणून तिनं जो कापला होता, तो यांचाच आवाज होता. उभ्या माणसांनी भिंतीवरचं चित्रही अडवलं. पाणी आणि खडू सगळ्यांच्या पाठींवर तुकडे होऊन पडले. शेषेराव भल्या मनानं मोठ्यानं म्हणून सावरायला गेले आणि गोंधळ आणखी वाढला.

शेजारची खुर्ची सरकली. गुरुजी उठले होते. चालले, ज्योत्स्नाला वाटलं.

गुरुजी फाटकाकडं गेले नाहीत. ते टेबलाशी आले आणि त्यांनी हात वर केला, पोरांचा गलबला थांबवायला वर्गात करायचे तसा. हात प्रोजेक्टरच्या समोर आला होता. पांढऱ्या पाठींवरून, डोक्यांच्या वरून, थेट छतापर्यंत त्या हाताची सावली भिंतीवर उभी राहिली. अंगण चिडीचूप झालं. ज्योत्स्नानं आवाज थांबवला.

तिचं लक्ष पट्टीवर गेलं. पुढच्याच क्षणी सगळे दिवे लख्ख व्हायचे होते. उजेड झाला असता तर सावली पुसली गेली असती. तिनं पट्टीच थांबवली. आवाज पुन्हा पहिल्या ओळीवर नेला, डाव्या हातानं दिवे मंदच धरून ठेवले, उजवा आवाजाच्या बटणावर ठेवला, आणि नजर वडिलांच्या हातावर लावली.

हात खाली आला. तिनं पहिली ओळ सोडली आणि थांबवली. सावलीचा तळवा लोकांकडं उघडला. लोक म्हणाले, सगळे, सावकाश. कुणीतरी खोकलं. एक बाई अर्धा शब्द मागं राहिली, आणि तिचं म्हणून होईपर्यंत गुरुजींचा हात थांबला. मग पुन्हा खाली आला. ज्योत्स्नानं दुसरी सोडली.

असं करत त्रिसरण संपलं. पुढं पट्टीवर बासरी लावलेली होती. पण त्रिसरणापाठोपाठ पंचशील हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक, आणि गुरुजींचा हात पुन्हा वर गेला होता. ज्योत्स्ना घाबरली. पंचशील तिच्या लॅपटॉपमध्ये नव्हतंच. हात खाली आला, स्पीकरमधून काहीच आलं नाही, आणि लोकांनी आपणच म्हणायला सुरुवात केली. गुरुजींच्या ओठांची हालचाल तिला दिसत होती. आवाज नव्हता, आणि त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. तिनं आवाजाच्या बटणावरचा हात काढला, दिवे तेवढे धरून ठेवले, आणि मनसोक्त रडून घेतलं. अंधारात कोण बघतंय.

"तुमची पट्टी कुठं गेली?" नंतर अमरनाथ सरांनी विचारलं.

"थांबवली सर. माणसांना जागाच न्हवती तिच्यात."

सरांनी चष्मा पुसला. "म्हणजे हात लावलात," ते म्हणाले.

घरी आल्यावर गुरुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारावर बोट ठेवलं आणि गुणाबाईकडं बघितलं.

"हाव, सकाळीच असतीय वंदना," गुणाबाई म्हणाली. "येते मी बी संगं."

"आबा, लॅपटॉप आनू?" ज्योत्स्नानं विचारलं.

गुरुजींनी हसून हात हलवला, नको म्हणून.