बारा खडक, बारा चिठ्ठ्या

क्र. ४ : चुनखडक

महेश्वरी मॅडमनी ड्रॉपरमधून आम्लाचा थेंब सोडला. थेंब खडकावरून मुकाट्यानं ओघळला आणि टेबलावर टेकला.

मॅडम भूवैज्ञानिक. एका शिक्षकाला एक शास्त्रज्ञ जोडून द्यायचा, असा त्यांच्या विद्यापीठाचा उपक्रम होता, आणि वेणीमाधव सरांच्या वाट्याला त्या आल्या होत्या. सकाळच्या गाडीनं सोलापूरहून येऊन केम गावी उतरल्या आणि आठवीच्या वर्गात पाऊल टाकताच म्हणाल्या, "तुमची खडकांची पेटी काढा, सर." सरांनी पेटी आणायला जरा वेळच लावला.

क्र. ७ : वालुकाश्म

याच्यावर थेंब पडला मात्र, फसफसून फेस आला.

"हाच चुनखडक," मॅडम हसल्या. "पुरवठादारानं चिठ्ठ्यांची पार अदलाबदल केलीय. नाव काय त्याचं? अहवालात घालते."

"असेल," सर म्हणाले. "ही पुरवठादार माणसं..."



(चिठ्ठी पडली आहे)

अकरा वर्षांपूर्वी पेटीतल्या छापील चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तपासणी. झाकणाच्या आत बारा नावांची यादी शाबूत होती. कुठलं नाव कुठल्या खडकाचं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. बेसाल्ट तेवढा सरांनी ओळखला. तो गावात पायलीला पन्नास. बाकी अकरा चिठ्ठ्या स्वतः लिहून, डिंक लावून, अंदाजानं डकवल्या. नंतर कुणाला तरी विचारू, असं ठरवलं होतं. तपासणी छान झाली. मग विचारायचं राहूनच गेलं.

क्र. ४, पुन्हा

मागच्या महिन्यात पहिल्या बाकावरच्या संस्कृतीनं डब्यातलं लिंबू याच खडकावर पिळलं होतं.

"सर, बुडबुडे येत्यात म्हनलावता तुमी. हितं एक बी न्हाय की."

"लिंबू शिळं असेल बाई तुझं."

वर्ग खिदळला. त्या दिवसापासून पोरगी 'शिळं लिंबू' झाली. सरांनीही एकदा हजेरी घेताना तीच हाक मारली होती.

क्रमांक नाही

मॅडमनी पेन उघडलं. फळ्यावर सरांनी सकाळीच 'चुनखडक' लिहिलं होतं. च ला तीच लांब शेपटी, ड ला तीच गाठ. चिठ्ठीवरही तेच अक्षर. मॅडमना ते अक्षर नवं होतं. पोरांना नव्हतं. ती रोज ते वहीत उतरवत होती. बाकाबाकांवर माना फळ्याकडे गेल्या, पेटीकडे आल्या आणि खाली झाल्या.

मग संस्कृतीच उभी राहिली.

"मॅडम, त्या पुरवठादाराचंच चुकलं आसंल. आमच्या सरांना लई म्हाईत हाय."

सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती हसली असती, तर बरं झालं असतं.

"मॅडम, लिहून घ्या," ते म्हणाले. "वेणीमाधव."

"पुरवठादाराचं आडनाव?"

"चिठ्ठ्या लावणाऱ्याचं नाव सांगतोय."

मॅडमचं पेन थांबलं. सरांनी चार नंबरची चिठ्ठी नखानं खरवडायला घेतली. अकरा वर्षांचा डिंक. ती तुकड्यातुकड्यांनी निघत होती. मान वर न करता ते म्हणाले,

"संस्कृती, तुझं लिंबू शिळं नव्हतं."

"म्हाईत हाय, सर," ती म्हणाली. "झाडावनं तोडूनच आनलंवतं."