अथेन्सच्या दगडाच्या जागी मी

राखाडी रंगाचा डबा. चॉकलेटची रिकामी पिशवी. अथेन्समधला एक दगड. स्टेजवर काढून ठेवलेले काळे बूट.

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. अबू धाबीतल्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये भिकाजी सुतारांनी मला पॅकिंगच्या फळ्यांतून घडवले. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत वैभवीच्या घरी सात वर्षे माझ्यावर गणपती बसला. मग चौरंग आला आणि मी वॉशिंग मशीनमागे गेलो.

यंदा शाळेत अनुपमा टीचरनी विद्यार्थी परिषदेचे पदग्रहण ग्रीकांसारखे करायचे ठरवले. प्राचीन अथेन्समध्ये अधिकारी पदावर येताना उत्सव होई. देवांना अर्पण करून, दगडावर उभे राहून ते शपथ घेत : लाच घेणार नाही. टीचरनी त्यात भर घातली : आणि दिलेली नाही.

दगड हवा होता. वैभवीची मुलगी शुभ्रा मला घेऊन निघाली.

"गणपतीचा पाट आहे तो. बूट घालून चढायचं नाही हं!"

"आई, इट्स जस्ट अ प्रॉप!"

मला राखाडी रंग फासला गेला. मतदानाच्या आदल्या दिवशी माझ्यावर बसूनच शुभ्राने सहावीच्या मुलांना पिशवी दाखवली. "चॉकलेट लो, बट व्होट फॉर मी. ओके?"

मुलामुलींची निवडणूक एकच होती. शुभ्रा जिंकून हेड गर्ल झाली. हरलेला फहद तिचा डेप्युटी.

समारंभाला हॉल भरला. पानांचा मुकुट घेऊन फहद माझ्या शेजारी उभा. शुभ्रा आली, थांबली. वाकून तिने बूट काढले, मोजे काढले. मुले खिदळली.

"यल्ला, चलो, हेड गर्ल! सोने जा रही है क्या?" फहद पुटपुटला.

ती चढली. तिचे तळवे घामाने ओले होते. माझी डावी फळी करकरली.

"मी लाच घेणार नाही, आणि..."

पहिल्या रांगेत वैभवीचा मोबाईल तसाच उचललेला.

"मॅम, आय कान्ट से इट. मी सहावीला चॉकलेट्स दिली. व्होटसाठी."

फहदने मुकुट हळूच खाली घेतला.

"खाली उतर, शुभ्रा," टीचर म्हणाल्या. "पुन्हा मतदान होईल."

तिच्या तळव्यांना माझा रंग लागला होता. बूट हातात घेऊनच ती गेली.

आता मी स्टोअररूममध्ये आहे. मित्रांनो, जुन्या पाटाला दगड करा, दाराला लावा, मी रागावणार नाही. फक्त चढण्याआधी बूट काढा. एवढे जपलेत तरी पुरे.

शुभ्रा जिंकली त्या पहिल्या मोजणीच्या दिवशी सहावीची पेटी माझ्यावरच उघडली होती. तिच्यात शुभ्राला एकही मत नव्हते.